डिस्क फिरते, पण चित्र येत नाही

डिस्क ट्रेमध्ये ठेवली, ट्रे आत गेला, ड्राइव्हचा दिवा लुकलुकला, थोडी घरघर झाली आणि मग सगळं गप्प. स्क्रीनवर काहीच नाही. अशा वेळी घरात दोनच निकाल लागतात: ‘डिस्क गेली’ किंवा ‘कॉम्प्युटर जुना झाला’. दोन्ही निकाल बहुतेक वेळा घाईने दिलेले असतात. पहिला तर फार महागात पडतो, कारण कचऱ्यात टाकलेली डिस्क परत मिळत नाही.

साधारण २००० ते २०१५ या काळातली कोकणातली लग्नं, मुंजी, शिमग्याच्या पालख्या, जत्रेतले दशावतार, डबलबारीचे सामने हे सगळं व्हीसीडी आणि डीव्हीडीवर आहे. स्टुडिओवाल्याने तेव्हा दोन-तीन डिस्का करून दिल्या आणि कॅमेऱ्यातली टेप पुढच्या लग्नाला वापरली. म्हणजे कपाटातली ती डिस्क बहुधा एकमेव प्रत असते. आजीचा चालता-बोलता चेहरा फक्त तिच्यात असतो. म्हणून माझं पहिलं आणि ठाम सांगणं: बिघाड नेमका कुठे आहे ते कळेपर्यंत एकही डिस्क टाकू नका, घासू नका आणि उन्हातही ठेवू नका.

चित्र दिसायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. डिस्कवरची माहिती शाबूत हवी. ड्राइव्हच्या लेझरला ती वाचता यायला हवी. आणि वाचलेल्या माहितीचं चित्र करणारं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्ये हवं. बिघाड यापैकी कुठे आहे हे पाच मिनिटांत ओळखता येतं.

डिस्क घाला आणि एक मिनिट थांबा. मग ‘धिस पीसी’ उघडा. तिथे डीव्हीडी ड्राइव्हचं चिन्ह दिसतं का ते पाहा. दिसत असेल तर त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन’ करा. डबल क्लिक करू नका, कारण त्याने फाइली दिसण्याऐवजी डिस्क वाजवायचाच प्रयत्न होतो. आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर आणि त्यात व्हीओबी प्रकारच्या मोठ्या फाइली दिसल्या, तर ती डीव्हीडी आहे आणि ड्राइव्ह तिची यादी वाचतोय. ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट फाइल दिसली तर ती व्हीसीडी. यादी दिसतेय पण चित्र नाही, म्हणजे संशय आधी सॉफ्टवेअरवर घ्यायचा. ड्राइव्हचं चिन्ह आहे पण आत काही दिसत नाही किंवा ‘डिस्क घाला’ असाच निरोप येतो, तर डिस्क किंवा लेझर. आणि ड्राइव्हचं चिन्हच गायब असेल तर केबल, वीज किंवा ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्ह विंडोजला ओळखू देणारं सॉफ्टवेअर.

सॉफ्टवेअरचं कारण आधी सांगतो, कारण सगळ्यांत जास्त घरं इथेच फसतात. ‘काल-परवापर्यंत चालत होता, फॉरमॅट मारल्यावर बंद झाला’ हे वाक्य ऐकलं की निम्मं निदान झालं. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ या पद्धतीने दाबून बसवलेलं असतं आणि आवाज बऱ्याचदा डॉल्बीच्या पद्धतीने. ते उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरला डिकोडर म्हणतात आणि त्याच्या पेटंटसाठी कंपन्यांना पैसे मोजावे लागत. विंडोज एक्सपीत हा डिकोडर नव्हताच. ड्राइव्हबरोबर मिळणाऱ्या प्लेअरच्या सीडीने तो टाकला जायचा, म्हणून कुणाला कमी जाणवली नाही. विंडोज ७ च्या होम प्रीमियम आणि त्यावरच्या आवृत्त्यांत तो होता. होम बेसिकमध्ये मात्र नव्हता. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने तो मूळ विंडोजमधून काढला आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये डीव्हीडी दाखवणारं मीडिया सेंटरही गेलं. त्यामुळे विंडोज ७ चा कॉम्प्युटर दुकानात नेऊन १० किंवा ११ करून आणला, की ड्राइव्ह तोच, डिस्क तीच, पण लग्नाची डीव्हीडी बंद. इथे काहीही बिघडलेलं नसतं.

यावर उपाय फुकट आहे: व्हीएलसी. १९९६ साली पॅरिसमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेला हा प्लेअर स्वतःचे डिकोडर स्वतःबरोबर आणतो, विंडोजकडे मागत नाही. तो बनवणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. त्याच नावाच्या बनावट साइटी पुष्कळ आहेत. बसवल्यावर ‘मीडिया’मध्ये ‘ओपन डिस्क’ निवडा, डीव्हीडी की व्हीसीडी ते सांगा आणि प्ले करा. डिस्कच्या मेनूवर गाडी अडकत असेल तर तिथेच ‘नो डिस्क मेनूज’ला टिक करा. स्टुडिओवाल्यांनी हौसेने केलेले फुलाफुलांचे मेनू पुष्कळदा सदोष असतात आणि मूळ चित्रीकरण धड असूनही डिस्क ‘बंद’ वाटते.

एक वेगळी अडचण आखातातून येते. रत्नागिरी, राजापूर, दापोली, श्रीवर्धनकडच्या किती तरी घरांतले लोक दुबई, कुवेत, सौदीत नोकरीला आहेत आणि येताना तिकडच्या डीव्हीडी घेऊन येतात. सिनेमा कंपन्यांनी जग विभागांत वाटून प्रत्येक विभागाला आकडा दिला. भारत ५ मध्ये येतो, आखाती देश २ मध्ये, अमेरिका १ मध्ये. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह एका वेळी एकाच विभागाचा असतो आणि तो पाच वेळाच बदलता येतो. पाचव्या बदलानंतर तो आकडा ड्राइव्हमध्येच कायमचा बसतो. विंडोज नव्याने टाकूनही सुटत नाही. म्हणून ‘रीजन बदलू का?’ असा चौकोन आला की पटकन ‘ओके’ दाबू नका. भारतात विकल्या गेलेल्या बऱ्याच डिस्का सर्व विभागांत चालतात. आणि घरगुती लग्नाच्या डिस्कवर ना विभागाचा आकडा असतो ना कुलूप. ती चालत नसेल तर रीजनचा विचार सोडून द्या.

आता डिस्क. कोकणात हा भाग सविस्तर बोलायलाच हवा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभ्याच्या भिंतीतून ओल झिरपते, भिंतीला टेकलेलं कपाट कुबट होतं, आणि कपड्यांवर धरते तीच बुरशी डिस्कवरही धरते. किनाऱ्याच्या गावांत त्यात खाऱ्या हवेची भर.

डिस्क कडेने धरा आणि ट्यूबलाइटखाली तिरकी करा. खालची बाजू स्वच्छ चंदेरी असेल तर ती कारखान्यात छापलेली. जांभळट, निळसर किंवा हिरवट झाक असेल तर ती बर्न केलेली, म्हणजे लेझरने रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण रंगद्रव्य प्रकाशाने आणि उष्णतेने उतरतं. गणपतीनंतर कडक ऊन पडलं की गाद्या, लोकरीचे कपडे आणि त्यांच्याबरोबर डिस्काही अंगणात वाळत घालण्याची पद्धत काही घरांत आहे. बर्न केलेल्या डिस्कला हे ऊन बाधतं. तिला सावलीत, वारा लागेल अशी उभी ठेवा.

मग डाग बघा. बुरशी असेल तर पांढरट ठिपके दिसतात, कधी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शाखा. त्या पृष्ठभागावर असतील तर पुसल्या जातात. पण त्या कडेकडून आत शिरलेल्या असतील आणि उजेडासमोर डिस्क धरल्यावर तिथून आरपार दिसत असेल, तर तिथला चकाकता थर गेलेला आहे आणि त्या जागेवरची माहितीही गेली. २००१ मध्ये माद्रिदच्या शास्त्रज्ञांनी मध्य अमेरिकेतल्या बेलिझ या दमट देशातून आलेल्या सीडीवर नेमकं हेच पाहिलं होतं: जिओट्रिकम जातीची बुरशी कडेने आत शिरून प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा थर पोखरत गेली होती. आपली हवा त्याहून कोरडी नाही.

सीडी आणि डीव्हीडी वरून सारख्याच दिसतात, पण आतून वेगळ्या आहेत. दोन्हींची जाडी १.२ मिलिमीटर. सीडीत माहितीचा थर लेबलच्या अगदी खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. म्हणून व्हीसीडीच्या (तीही सीडीच) लेबलच्या बाजूने उमटलेला ओरखडा किंवा बॉलपेनने दाबून लिहिलेलं नाव खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि माहिती मध्ये, सुरक्षित. स्टुडिओवाले नवरा-नवरीच्या फोटोचा गोल स्टिकर चिकटवत. ओलीने तो फुगतो, एका बाजूला उचलला जातो आणि डिस्क फिरताना थरथरते. तो ओढून काढायचा मोह आवरा. सीडीवरून स्टिकर निघताना चकाकता थर बरोबर घेऊन येतो. सुटलेली कड बोटाने बसवा आणि ती डिस्क आधी कॉपी करायच्या रांगेत पुढे आणा.

पुसायचं कसं? भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकलेलं स्वच्छ पाणी आणि मऊ, जुनं सुती कापड. मळ हटत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल; मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ‘आयपीए’ म्हणून मिळतं. थिनर, रॉकेल, नेलपॉलिश काढायचं द्रव लांब ठेवा, ते प्लास्टिकच खराब करतात. हातावरचं सॅनिटायझरही नको, त्यातलं ग्लिसरीन मागे थर ठेवतं. टूथपेस्टचा उपाय सगळीकडे फिरतो, पण टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. एकमेव प्रतीवर तो प्रयोग करू नये.

पुसताना हात नेहमी मधल्या भोकापासून कडेकडे सरळ न्यायचा, गोल कधीच नाही. माहिती मळसूत्रासारखी गोल गोल लिहिलेली असते, डीव्हीडीत दोन वळणांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन. लिहितानाच मध्ये मध्ये जादा आकडे पेरलेले असतात, त्यामुळे थोडी माहिती दिसली नाही तरी ड्राइव्ह ती गणिताने भरून काढतो. पायवाटेला आडवा ओहोळ आला तर एका टांगेत पार होतो; तोच ओहोळ वाटेच्या बरोबरीने वाहू लागला तर वाटच उरत नाही. आडव्या आणि गोल ओरखड्यात तेवढाच फरक आहे. व्हीसीडीत ही भरपाई डेटा सीडीपेक्षा एका थराने कमी असते. चित्रासाठी जास्त जागा मिळावी म्हणून तो थर काढलेला आहे. म्हणून जुन्या व्हीसीडीवर चौकोन-चौकोन लवकर दिसू लागतात.

पुराचं पाणी लागलेल्या डिस्कांबद्दल वेगळं सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा कपाटांतले अल्बम आणि डिस्का चिखलात गेल्या. अशा वेळी चिखल वाळू देऊन मग पुसला तर त्यातली रेती काचकागदासारखी ओरखडते. डिस्क स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायची, गाळ सुटू द्यायचा, दोन-तीनदा पाणी बदलायचं आणि न घासता सावलीत उभी वाळवायची. कागदी कव्हरात अडकली असेल तर कव्हर पाण्यातच सोडवायचं. छापलेली डिस्क यातून सहज वाचते, बर्न केलेलीही बऱ्याचदा वाचते.

डिस्क स्वच्छ दिसतेय, दुसऱ्या मशीनवर चालतेय, पण घरच्या कॉम्प्युटरवर नाही, तर ड्राइव्हकडे वळा. इथे एक छान खूण आहे. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा. ड्राइव्हमध्ये दोन्ही असतात आणि ते वेगवेगळे थकतात. म्हणून व्हीएलसीतही व्हीसीडी चालते पण एकही डीव्हीडी चालत नाही, असं झालं तर डिस्कांना दोष देऊ नका, डीव्हीडीचा लेझर क्षीण झालाय. दोन्ही अडखळत असतील तर बहुधा समोरचं भिंगच मळलंय.

लॅपटॉपचा किंवा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह असेल तर ट्रे उघडल्यावर ते भिंग समोरच दिसतं: मसुराएवढा गोल, निळसर झाकेचा थेंब. चांगलं भिंग चमकतं. पावसाळाभर बंद पडलेल्या ड्राइव्हचं भिंग धुरकट दिसतं, श्वास सोडलेल्या काचेसारखं, आणि ती धूळ-बुरशी फुंकून जात नाही. आधी कॉम्प्युटर पूर्ण बंद, वायर काढलेली. मग कानकोरण्याच्या कापसाला आयपीए नुसतं ओलसर करून, जवळजवळ वजन न देता, एकदा फिरवायचं आणि वाळू द्यायचं. भिंग केसाएवढ्या बारीक तारांवर तरंगतं; दाबलं की ते कायमचं तिरकं होतं. ट्रेच उघडत नसेल तर समोरच्या बारीक भोकात सरळ केलेली कागदाची पिन घालून उघडता येते, तीही वीज बंद असताना. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे ओढणारा रबरी पट्टा असतो. तो सैल पडला की ट्रे अर्ध्यावर अडतो, आणि बाकी ड्राइव्ह ठणठणीत असतो.

थंड खोलीतून, एसी गाडीतून आणलेली डिस्क किंवा ड्राइव्ह लगेच लावू नका. आपल्या दमट हवेत भिंगावर दव धरतं. अर्धा तास थांबलं की ते आपोआप जातं.

ड्राइव्हचं चिन्हच दिसत नसेल तेव्हा वीज आणि केबल आधी. बाहेरून जोडायचे बारीक ड्राइव्ह डिस्क फिरवायला सुरुवात करताना बरीच वीज ओढतात. साध्या यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळणं अपेक्षित असतं आणि बऱ्याच ड्राइव्हना सुरुवातीला त्याहून जास्त लागते. म्हणून पुढच्या पोर्टला किंवा हबला लावलेला ड्राइव्ह टक-टक करत बसतो आणि कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला थेट लावला की चालू होतो. दोन शेपट्यांची केबल मिळाली असेल तर दोन्ही टोकं लावा. कॅबिनेटमधल्या ड्राइव्हच्या डेटा आणि वीज या दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवणं हा किनाऱ्यावरच्या घरांत खरोखर उपयोगी पडणारा उपाय आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या हवेत पितळेच्या कड्या हिरव्या होतात, तसाच पातळ थर त्या पिनांवरही चढतो आणि काढ-घालीने खरवडला जातो.

केबल ठीक असूनही चिन्ह नसेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. डीव्हीडी ड्राइव्हच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह असेल तर त्यावर राइट क्लिक, ‘अनइन्स्टॉल’, आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट. विंडोज ड्रायव्हर स्वतःच पुन्हा बसवतं. तरीही १९, ३९ किंवा ४१ क्रमांकाची चूक दिसत राहिली, तर जुन्या सीडी बर्न करायच्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, मागे सोडलेल्या ‘अपर फिल्टर्स’ आणि ‘लोअर फिल्टर्स’ या नोंदी हे नेहमीचं कारण. त्या काढल्या की ड्राइव्ह परत येतो, पण रजिस्ट्रीत चुकीची नोंद पुसली तर विंडोजच अडचणीत येतं. तिथे जाणत्या माणसाचा हात लागू द्या. फक्त त्याला हे शब्द सांगा, म्हणजे तो नवा ड्राइव्ह विकत घ्यायला सांगणार नाही.

अजूनही विंडोज एक्सपीचं मशीन चालवणारी घरं आहेत. त्यांच्याकडे डीव्हीडी चालते, पण अडखळत, आवाज चित्राच्या पुढे-मागे. एक्सपीला ड्राइव्हकडून वाचनाच्या चुका वारंवार आल्या की ते वेगवान डीएमए पद्धत सोडून संथ पीआयओ पद्धतीवर उतरतं आणि आपणहून परत वर चढत नाही. म्हणजे एका ओरखडलेल्या डिस्कमुळे पुढच्या सगळ्या चांगल्या डिस्काही अडखळतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्ह ज्या आयडीई चॅनेलवर आहे तो अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं की वेग परततो.

छोट्या आठ सेंटिमीटरच्या डिस्कवर थेट चित्रीकरण करणारे कॅमेरे काही वर्षं चलनात होते. त्या डिस्का कॅमेऱ्यातच ‘फायनलाइज’, म्हणजे लेखन पूर्ण करून बंद, कराव्या लागत. ते राहून गेलं असेल तर कॉम्प्युटरला ती कोरी दिसते. कोरी समजून तिच्यावर काही बर्न करू नका. तो कॅमेरा किंवा त्याच कंपनीचा दुसरा मिळाला तर आजही फायनलाइज होते.

डिस्क एकदा चालली की ती त्याच दिवशी कॉपी करा. पुढच्या पावसाळ्यानंतर ती चालेल याची हमी नाही. डीव्हीडीचा ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर आख्खा हार्ड डिस्कवर ओढायचा. व्हीसीडीची डॅट फाइल ओढायची, ती व्हीएलसीत तशीच चालते. कॉपी मध्येच अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हवर बघा. प्रत्येक ड्राइव्हची सहनशक्ती वेगळी असते, आणि माझ्या पाहण्यात जुने जाडजूड डेस्कटॉप ड्राइव्ह नव्या बारीक ड्राइव्हपेक्षा खराब डिस्क जास्त चिकाटीने वाचतात. शेजारच्या घरातला अडगळीत टाकलेला पीसी म्हणूनच विचारून बघा. तरी अडलं तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू नावाचं फुकट साधन आहे. ते वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागी नंतर पुन्हा पुन्हा जातं. रात्रभर चालवावं लागतं, पण तीन तासांच्या लग्नातली पाच मिनिटं सोडून बाकी सगळं हाती येतं, तेव्हा तेवढी रात्र सार्थकी लागते.

कॉपी झाल्यावर प्रत्येक व्हीओबी फाइल मधूनमधून पुढे सरकवत शेवटपर्यंत बघा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि पहिला फटका बाहेरच्या कडेला बसतो. त्यामुळे भरलेल्या डिस्कवर सुरुवातीची हळद चांगली दिसते आणि पाठवणी अर्धवट असते. मग हँडब्रेक या सॉफ्टवेअरने एमपी४ करून ठेवा, म्हणजे टीव्हीच्या यूएसबी पोर्टलाही चालेल. मे महिन्यात किंवा गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना पेन ड्राइव्हवर प्रत द्यायची असेल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. जुन्या फॅट३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि विंडोज ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून कॉपी नाकारतं.